काय म्हनस?

आवाज आला. डबीतली सुपारी हलावी तसा... खट्, आणि नारळ दुसऱ्या बाजूला कलता केला की पुन्हा खट्. लताबाईंनी तो कानापासून दूर धरला, खिडकीतल्या उजेडात फिरवून पाहिला, शेंडीखाली दडलेले त्याचे स्वतःचे तीन डोळे अंगठ्याने चाचपले आणि पुन्हा कानाशी नेला. कानात ते नवं यंत्र होतं, शेंगदाण्याएवढं, मुलाने, कुंदनने, आणलेलं. त्याला सगळं ऐकू येत होतं. पंख्याची पाती, स्वयंपाकघरात सारिका गहू पाखडत होती ते, गल्लीच्या टोकाला कुणी गाडी मागे घेत होतं त्याची ती पिपाणी, आणि हे, नारळात सुकून सुटलेल्या गोट्याचं खट्. सगळं सारख्याच मापाचं, सारख्याच अंतरावरचं. आवाज हाच होता, त्यात शंका नव्हती. पण ह्यात ती नव्हती.

उद्या रविवार. नागपंचमीनंतरचा हा रविवार कानबाईचा. सकाळपासून भाऊबंद येतील, कुणी धुळ्याहून, कुणी अमळनेरहून. रोट भाजले जातील. चौरंगावर लुगडं नेसून, नथ घालून कानबाई बसेल. आणि कानबाई म्हणजे हाच नारळ. लताबाईंच्या सासरी नवा आणत नाहीत. आजेसासूच्याही आधीपासूनचा हा एकच. सोमवारी पाण्यात नुसता बुडवून परत आणायचा, डोळे तेलाच्या बोटाने पुसायचे, लाल कापडात गुंडाळून वर्षभर तांदळात ठेवायचा, आणि पुढच्या श्रावणात, आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या आत, डोळे पुन्हा काढायचे. चुन्याचं पांढरं, काजळाचं काळं. हे काम लताबाईंचं होतं. लग्न होऊन आल्यावर शिकलेलं, आणि सासूबाई गेल्यापासून एकट्या त्यांचंच.

समोर पाटावर चुन्याची वाटी होती, काजळाची डबी होती, शाळेत असतानाचा बारीक कुंचला होता. उजेड होता. हातही अजून कापत नव्हता. फक्त विचारल्याशिवाय डोळे काढायचे नसतात... आणि त्या सकाळपासून विचारत होत्या.

धुळ्याहून आली तेव्हा लता चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा पास झालेली होती. पांझरेच्या काठी बसून घाट काढायची, माणसांचे चेहरे काढायची, मास्तर म्हणायचे, हिला डोळा आहे. त्या पहिल्या श्रावणात सासूने, यशोदाबाईंनी, नारळ पुढ्यात ठेवला आणि लताने मोठ्या आत्मविश्वासाने मधोमध एक रेघ कल्पून, दोन बाजूंना सारखं अंतर धरून कुंचला टेकवला; टेकवला म्हणजे टेकवणारच होती, तोच मनगटावर त्या बाईची बोटं पडली. राखेने घासलेली, खरखरीत, गरम बोटं.

"इचारं का तिले?"

"काय विचारायचं, आत्याबाई?"

"डोया काढू का, आशे. आनि मंग ती काय म्हनस, ते ऐक."

"आणि नाही म्हणाली तर?"

"त थांबानं. तिना डोया, तिनी मर्जी. तू कोन?"

लताला हसू आलं होतं. घरी जाऊन बहिणींना सांगायला एक गंमत झाली असं वाटलं होतं. मग सासूने नारळ कानाशी नेला, अगदी हळू कलता केला, डोळे मिटले, आणि तिचं तोंड किंचित उघडं राहिलं, रात्री दाराबाहेर ओळखीचं पाऊल वाजावं आणि माणसाने हातातलं काम तसंच धरून थांबावं तसं... आणि मग ती म्हणाली, "व्हय म्हनस." इतकं साधं. डाळ शिजली म्हणावं तसं.

काय ऐकू यायचं? पुढे कितीकदा ह्या प्रश्नाभोवती लताबाई फिरून आल्या. शब्द नव्हेत. शब्द कधीच नव्हते. आतला गोटा हलायचा, त्याचा आवाज व्हायचा, आणि त्या आवाजाच्या मागे, आवाज संपतो तिथे, एक जागा व्हायची. कुणीतरी सरकून बसावं आणि आपल्याला पाटावर जागा करून द्यावी तशी. जागा झाली की हो. नाही झाली की नाही. एवढंच. तिसऱ्या वर्षी का चौथ्या, ती मला पहिल्यांदा झाली, आणि मी काढलेले डोळे बघून आत्याबाईंनी नुसता पदर डोक्यावर ओढून घेतला. मोठं माणूस घरात आलं की घेतात तसा.

मग ते नारळापुरतं राहिलं नाही. शाळेत चित्रकलेची बाई म्हणून लागल्या तेव्हा कोरा कागद समोर आला की लताबाई आधी त्याच्यावर तळहात ठेवून बसत. मुली खुसखुसत. एकदा सभागृहाची भिंत रंगवायला दिली, तर आठवडाभर नुसत्या तिच्यासमोर खुर्ची टाकून बसल्या, शेवटी मोठ्या बाई येऊन म्हणाल्या, "लताबाई, भिंत कुठं पळून चालली आहे का? राखण करताय ती?" आणि मग एका संध्याकाळी, मुली घरी गेल्यावर, भिंतीने जागा केली. नुसती केळीची पानं काढली त्यांनी. एकावर एक, हिरव्यावर हिरवं, आणि मधूनच एक फट, जिच्यातून पलीकडचं ऊन दिसत होतं. पुढे वर्षानुवर्षं येताजाता मुली त्या उन्हाला हात लावायच्या. तिथला रंग झिजून गेला होता. घरी अभिमन, नवरा, जेवताना म्हणायचे, "भाजीत मीठ घालू का, तेही विचारून घेत जा. आज विसरलेली दिसतेस." त्याही हसायच्या. पण मनात म्हणायच्या, विचारूनच तर चाललंय सगळं... मुलीचं मेघा हे नाव, हे घर, तुम्ही आजारी पडलात तेव्हाचा तो मुंबईला न्यायचा की नाही हा निर्णय. हात ठेवून बसायचं. वाट बघायची. कुणाला सांगायचं नाही. देवभोळी म्हणतील, आणि ते तसं नव्हतं. देवाशी बोलणं नव्हतं ते. बोलणं थांबवणं होतं.

आणि मग कान गेले. आधी चिमण्या गेल्या. मग जिन्यावरची पावलं, कुकरची शिट्टी. गेल्या श्रावणात नारळ कानाशी धरला तेव्हा काहीतरी आल्यासारखं वाटलं होतं, दूर, कापडाआडून. आणि वर्षभर त्या स्वतःला विचारत राहिल्या, आलं होतं का, की मीच... कागदावर हात ठेवला की नुसता कागद लागत होता. कुंचले सुकून ताठ झाले होते. कुणाला कळलं नाही, कळण्यासारखं होतंच काय त्यात? म्हातारी बाई चित्रं काढेनाशी झाली, एवढंच. पण लताबाईंना घरात कुणीतरी येणं बंद झाल्यासारखं वाटत होतं. भांडण नाही, तंटा नाही. नुसतं येणं बंद. वर्षभर त्या आजच्या दिवसाची वाट बघत होत्या. यंत्र आणलं तेव्हा लहान मुलीसारखा आनंद झाला होता. आता ऐकू येईल.

आणि ऐकू आलं. खट्.

"आई, एक सांगू?" सारिका दारात उभी होती, हातात सूप. यंत्रातून सुनेचा आवाज पत्र्यासारखा येत होता. "रोटाला पुरुषांच्या नावाने मूठ-मूठ गहू घेतात ना, मी मेघाताईंच्या नावाने पण एक घेतली. माझ्या पण नावाची एक. कानबाई स्वतः बाई, आणि तिला बायकांच्या नावाचे गहू चालत नाहीत, हे काही मला पटत नाही."

"कुणाला विचारलंस?"

"कुणाला विचारायचं?" सारिका खरंच बुचकळ्यात पडली. "घेतली. परत टाकू का?"

"राहू दे," लताबाई म्हणाल्या, आणि सून गेल्यावर त्यांना थोडं हसू आलं आणि थोडा मत्सर वाटला. हिला जागा करून द्यावी लागत नाही. ही आपली येऊन बसते.

दुपारी कुंदन धुळ्याहून आला. आठवड्यातून दोन फेऱ्या असतात त्याच्या, औषधांच्या कामाच्या. पिशवीतून त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि आईच्या पाटावर, चुन्याच्या वाटीशेजारी ठेवलं. पितळी मुखवटा. नाक धारदार, ओठ लाल, डोळे मोठे, मीना भरलेले, दोन्ही अगदी सारखे.

"आता सगळे हेच बसवतात, आई. नारळावर नुसता अडकवायचा. तुझं जमलं तर काढ डोळे, मी नाही म्हणत नाही. पण सकाळपासून बसली आहेस. दिवे लागायच्या आत नाही झालं, तर हा आहे. उद्या माणसं येतील, त्यांच्यासमोर तशीच आंधळी बसवायची का?"

"मशीनमधून ऐकू येतं रे मला," त्या म्हणाल्या.

"मग झालं तर."

"तेच तर."

 तिच्या खांद्यावर हात ठेवून तो जेवायला गेला. चांगला मुलगा. सारिकाने मुखवटा उचलून पाहिला, मागून पाहिला, पुढून पाहिला. "ह्या बाईचे डोळे मिटतच नसतील," ती म्हणाली. "झोपेचं काय करत असेल?" आणि तो जपून, पालथा, ठेवून दिला.

दिवेलागणीच्या आत. लताबाईंनी खिडकीकडे पाहिलं. ऊन समोरच्या गच्चीकडे कललं होतं. हो म्हण ना, त्या मनात म्हणाल्या, आणि लगेच लाज वाटली. असं म्हणायचं नसतं. मागायचं नसतं, विचारायचं असतं. पण मला आता विचारता येत नाही गं, मला नुसतं हवंय... एकदा. मला काही डोळे काढायचे म्हणून नको आहे. तू आहेस ना, एवढं. तू सरकून बसलीस की माझ्या पाठीतून कसं सैल व्हायचं सगळं, तेवढं एकदा.

"दार सताड उघडं! कोणी उचलून नेईल ना तुला, लता."

अकबरी. तिला यंत्राची गरज नव्हती; ती पूर्वीपासूनच साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायची. बांगडीवाल्यांच्या घरची सून म्हणून ती ह्या दारात पहिल्यांदा आली तेव्हा दोघीही नव्या नवऱ्या होत्या. आता टोपली तिचा नातू चालवतो, दुकानात. पण कानबाईच्या हिरव्या बांगड्या घेऊन ती दर श्रावणात स्वतः येते.

"मला कोण नेतंय?"

"ते पण खरं. नेलं तरी दुसऱ्या दिवशी परत आणून सोडेल." अकबरी गुडघ्यावर हात टेकत खाली बसली. तिचं लक्ष कानाकडे गेलं. "हां... लावलं का मशीन? म्हणजे आता तुझी बुराई हळू आवाजात करायची."

"तुला हळू येतं कुठं?"

"शिकेन ना." रुमाल सोडून तिने छोट्या बांगड्या काढल्या, एकेक करून नखाने वाजवल्या. टिंग. टिंग. तडा गेलेली काच बद्द वाजते, म्हणून बांगडीवाल्या वाजवून देतात. "तुझ्या सासूची आठवण येते मला ह्या बांगड्यांवर. फार कडक बाई. प्रत्येक बांगडी कानाशी वाजवून घ्यायची. मग बहिरी झाली, तरी हट्ट तोच."

"बहिऱ्या नव्हत्या काही. कमी येत होतं थोडं."

"थोडं?" अकबरी हसली. "लता, त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. एकदा बांगड्या भरताना त्यांच्या मागे माझी पूर्ण टोपली पडली. काचेचा असा खच झाला. बाईने मान पण वळवली नाही. मग मी पुढे आले, माझं तोंड बघितलं त्यांनी, आणि समजल्या की मी समजले. हात धरला माझा. कोनले सांगजो नको, म्हणाल्या. मी पण नाही सांगितलं. आता काय, त्या तिकडं, आपण पण लाईनीत."

"किती वर्षं?"

"कुंदन पाळण्यात होता तेव्हापासून ते जाईपर्यंत. ओठ बघून ओळखायच्या. मागून कोणी बोललं की चूप. तुम्ही म्हणायचे, म्हातारी अकडू झाली." तिने शेवटची बांगडी वाजवली. "पण बांगडी कानाशी न्यायच्याच. आणि मग मलाच विचारायच्या, बराबर वाजस का गं? मी म्हणायची, वाजते. बस. घालून घ्यायच्या."

अकबरी आणखी काय काय बोलली. जाताना सारिकाच्या हातच्या चहाला नावं ठेवून दोनदा प्यायली. लताबाईंना नंतर त्यातलं काही आठवलं नसतं.

कुंदन पाळण्यात होता तेव्हापासून... पण आत्याबाईंनी काढलेले ते सगळे डोळे तर त्याच वर्षांतले. गल्लीतल्या बायका ज्यांच्यासमोर बोलता बोलता गप्प व्हायच्या, ते. कानबाई आपल्याकडे बघते आहे असं नव्हे, आपली कधीपासून वाट बघत होती असं ज्यांच्याकडे बघून वाटायचं, ते. त्या वर्षांत आत्याबाई नारळ कानाशी धरायच्या, डोळे मिटायच्या, तोंड तसंच किंचित उघडं... आणि आत काहीच येत नव्हतं? एवढंसं खट्सुद्धा नाही? मग 'व्हय म्हनस' कुणाचं होतं?

आणि तेव्हा, पाटावर सरकत आलेल्या उन्हात, लताबाईंना ती दुपार आठवली. आठवत होतीच तशी, पण वेगळ्या नावाने ठेवलेली होती. सासू आपली परीक्षा घेते आहे, अशी. कुंदन पाळण्यात रडत होता, चुलीवर दूध होतं, ओला हात पदराला पुसत लता धावत चालली होती, आणि आत्याबाईंनी तिला खुणेने जवळ बोलावून नारळ तिच्या कानाशी धरला. "काय म्हनस?" म्हणाल्या. हळू. शिकवताना आवाजात असायची ती जरब नव्हती. आणि डोळे, आत्याबाईंचे डोळे लताच्या तोंडावर असे लागलेले होते की... तेव्हा वाटलं, बघते आहे, सून शिकली की नाही. पण ती ओठ बघत होती. ती माझे ओठ बघत होती. इतकी आस मी कुणाच्या तोंडावर पाहिली नाही त्यानंतर. आणि तेव्हाही पाहिली नाही, आज पाहते आहे.

आणि मी म्हणाले, "व्हय म्हनस."

ऐकलं होतं का मी? दूध वर येत होतं. पोर रडत होतं. जागा झाली होती का, की त्या तोंडाकडे बघून, ते तोंड रिकामं परत पाठवणं जमेना म्हणून... लताबाईंनी डोळे मिटून त्या दुपारच्या आत पुन्हा जायचा प्रयत्न केला. दुधाचा वास आला. ओल्या पदराचा थंडपणा कानामागे लागला. नारळाची शेंडी गालाला टोचली. आवाज मात्र आठवेना. होता की नव्हता, दोन्ही बाजूंनी काहीच सांगता येईना. एवढंच निश्चित होतं, की त्या होकारावर आत्याबाईंनी कुंचला उचलला, आणि त्या वर्षीचे डोळे...

ऊन पाटावरून उतरून फरशीवर गेलं होतं. आतून रोटाच्या गव्हाचा भाजका वास येत होता. कुंदन कुणाशी तरी फोनवर बोलत होता, उद्या या, हो, सगळे या. पालथा मुखवटा गप्प होता. लताबाईंनी कानातलं यंत्र काढलं आणि कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवलं. घर एकदम लांब गेलं. फोन गेला, पंखा गेला, सारिकाची भांडी गेली. त्यांनी नारळ उचलून कानाशी धरला, कलता केला. काही आलं नाही. पुन्हा केला. गोटा हलल्याचं तळव्याला कळलं, कानाला नाही. पण ह्या वेळी त्यांनी तो खाली ठेवला नाही. ह्या शांततेत आत्याबाई कितीतरी वर्षं एकट्या बसल्या होत्या, इथेच, ह्याच पाटावर, आणि दर श्रावणात इथूनच विचारत होत्या. त्यांची ती गरम, खरखरीत बोटं कुठे होती आता? हिचे डोळे, हिची मर्जी. मी कोण?

मान वर केली तेव्हा दारात सारिका होती. हात पिठाने भरलेले, कोपराने केस मागे सारत काहीतरी म्हणत होती. दिवे लावायची वेळ झाली, असं असावं. मग तिचं लक्ष काढून ठेवलेल्या यंत्राकडे गेलं, आणि ती बोलायची थांबली.

लताबाईंनी नारळ तिच्याकडे उचलून धरला. आपल्या तोंडातून काय निघतंय ते त्यांना स्वतःला ऐकू आलं नाही, पण ओठांना ते ओळखीचं होतं. धुळ्याच्या मुलीने ह्या घरात येऊन शिकलेलं.

"काय म्हनस?"

सारिका हात पुसायला वळली नाही. तशीच पुढे आली, गुडघ्यांवर बसली, पिठाच्या हातांनी नारळ धरला आणि कानाशी नेला. तिच्या गालाला पीठ लागलं. एरवी सतत काहीतरी बोलत असणारं ते तोंड मिटलं, आणि मग किंचित, अगदी किंचित, उघडलं.

लताबाई तिच्या ओठांकडे बघत होत्या. खिडकीत अजून थोडा उजेड होता. कुंचल्याच्या टोकावरचं काजळ ओलं होतं. उत्तर हो येईल की नाही, आलं तर ते कुणाचं असेल, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि पाठीतून, मणक्याच्या अगदी खालून, कुणीतरी हळूच सरकून बसावं तसं, काहीतरी सैल होत वर येत होतं.